तीनदा धुतल्यावर

६ जानेवारी, सोमवार

प्रयोगशाळेतला माझा पहिला दिवस कत्तलखान्याच्या मागच्या दाराशी सुरू झाला. सोबत थर्मासकाका होते. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. वीस वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी ते मोठा थर्मास घेऊन इथे येतात, डुकरिणींचे अंडाशय घेतात आणि गार व्हायच्या आत प्रयोगशाळेत पोचवतात.

"थर्मासमधल्या मिठाच्या पाण्यात बोट घालून बघ," ते म्हणाले. "कोमट लागलं पाहिजे. चटका बसला तर गेलं, गार लागलं तरी गेलं. बाळाच्या दुधासारखं."

आतून खाटकाने विचारलं, "काका, ही कोण नवीन?"

"शास्त्रज्ञ आहे. नीट बोल."

"मागची पण शास्त्रज्ञच होती. दुसऱ्या दिवशी ओकली."

मी ओकले नाही. अंडाशय मुठीत मावेल एवढा असतो आणि त्यावर पाण्याने भरलेले फोड असतात, द्राक्षांच्या लहानशा घोसासारखे. ते पाणी सुईने ओढून घ्यायचं आणि मायक्रोस्कोपखाली त्यात अंडपेशी शोधायच्या. प्रत्येकीभोवती बारीक पेशींचा ढग असतो. मी श्वास रोखून बघत राहिले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "तीन महिने बघू. मग ठरवू तुला ठेवायचं की नाही." मग वहीचा नियम सांगितला. पेनने लिहायचं. खोडरबर नाही, पान फाडणं नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी तारीख व सही. "चूकसुद्धा नोंद असते," त्या म्हणाल्या. मला हे इतकं आवडलं की ही दैनंदिनीसुद्धा तशीच लिहायचं ठरवलं आहे.

घरी आईने विचारलं, "म्हणजे डुकरांची बाळंतपणं करायला शिकलीस का एवढी?" दादा हसून हसून लोळला. फक्त वहिनीने विचारलं, "दिसतात कशी गं ती अंडी?"

९ जानेवारी, गुरुवार

आज प्रयोग समजून घेतला. समजला असं वाटतंय.

पेशीत गुणसूत्रांचा धागा असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांवर छोट्या चिकट खुणा बसल्या की धागा सैल होतो, खुणा निघाल्या की घट्ट बसतो. खुणा काढणारी मंडळी पेशीतच असतात. त्यांचे हात बांधणारी औषधं आहेत. हात बांधले की खुणा तशाच राहतात आणि धागा सैलच राहतो. असं झाल्यावर अंडपेशी पिकते का, आणि पिकून पडून राहिली तर म्हातारी कशी होते, हे आम्ही पाहणार.

यातलं एक औषध माझ्या हाती दिलं. बाटलीवरचं नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं. व्हॅल्प्रोइक ॲसिड. वहिनीच्या गोळीच्या पाकिटावर जवळजवळ हेच लिहिलेलं असतं.

"मॅडम, हे फिट्सचं औषध आहे ना?"

"हो, जुनं आहे. ते हेही करतं हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं."

"मग जे लोक रोज घेतात, त्यांच्या..."

"आधी तू तुझी साठ अंडी मोज."

मोजली. अठ्ठावन्न भरली. पुन्हा मोजली तर एकसष्ट.

१० जानेवारी, शुक्रवार

मॅडम म्हणतात, विज्ञान घरच्यांना समजावता आलं नाही तर आपल्यालाच समजलेलं नसतं. म्हणून आज वहिनीला सगळं सांगितलं. वहिनी घरी शिवणकाम करते. पँटची टीप, चेन बदलणं, शाळेचे गणवेश. मशिनीतलं बॉबिन काढून दाखवलं. हा धागा, हे रीळ, हा सैल, हा घट्ट.

"अगं, एवढं सोपं आहे?" ती म्हणाली.

मग मी खालच्या आवाजात सांगितलं, "वहिनी, तुझ्या गोळीतलंच औषध आहे."

खालच्या आवाजात, कारण आई आतल्या खोलीत होती. वहिनीला लहानपणी फिट्स यायच्या हे दादाला लग्नाआधीच माहीत होतं आणि मला नंतर कळलं. आईला सांगितलंय की ही डोकेदुखीची गोळी आहे. लग्नाला चार वर्षं झाली. या चार वर्षांत एकही फिट आलेली नाही.

वहिनीने मशीन थांबवली. "आणि ते तुझ्या अंड्यांना काय करतं?"

"सोमवारी कळेल," मी म्हटलं. मला फार आनंद झाला होता. आमच्या घरातली गोष्ट आणि एवढं मोठं विज्ञान, एकाच बाटलीत!

१३ जानेवारी, सोमवार

पहिला निकाल! औषधाशिवाय ठेवलेली अंडी एका दिवसात पिकायला लागली. औषधातली साठापैकी एक्कावन्न जागच्या जागी थांबली. मेली नाहीत, नुसती थांबली. कुणीतरी 'थांब' म्हटल्यासारखी.

याहून छान पुढचं आहे. थांबलेल्यांतली काही अंडी मी औषधातून बाहेर काढून स्वच्छ द्रवाच्या तीन थेंबांतून एकामागून एक धुतली. तीनदा धुवायचं, असा नियमच आहे. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बहुतेक सुरू झाली होती!

घरी आल्या आल्या वहिनीला सांगितलं. आई शेजारी गेली होती.

"सगळी सुरू झाली?" वहिनीने विचारलं.

"बहुतेक."

"औषध नुसतं धुऊन टाकल्यावर?"

"तीनदा."

"आणि किती दिवस औषधात होती ती?"

"एकच दिवस."

वहिनी बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "एका दिवसाला एक दिवस लागला. मग चार वर्षांना गं?"

मी हसले. तीही हसली. वहिनीचे विनोद असेच असतात, सरळ तोंडाने.

१७ जानेवारी, शुक्रवार

वहिनीने नवीन नियम केलाय. सकाळी उठल्याबरोबर तीन मोठे पेले पाणी, एकामागून एक, उभ्याउभ्या. आई म्हणाली, "अगं, पोट आहे का पाण्याची टाकी?" वहिनी म्हणाली, "अंग धुऊन निघतं, आई. आतून." चेहऱ्यावर तजेला आलाय तिच्या. गाणंही गुणगुणत होती. दादाने मला डोळा मारला. असं असलं की घरात बरं वाटतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने चौदा तारखेला पेन्सिलने बारीक गोल केलाय. विचारलं तर म्हणाली, "एका गिऱ्हाइकाचं काम सुरू केलं त्या दिवशी."

२३ जानेवारी, गुरुवार

डोकं भणभणतंय.

आज प्रयोगाचा दुसरा भाग झाला. पूर्ण पिकलेली अंडी घेऊन नुसती ठेवून द्यायची. वेळेत त्यांचं फलन झालं नाही तर ती म्हातारी होतात, फुटतात, तुकडे तुकडे होतात. तीन दिवसांनी औषधाशिवायच्या काचेच्या बशीत निम्म्याहून जास्त फुटली होती. आणि त्याच औषधात ठेवलेल्या बशीत फारच थोडी.

म्हणजे तेच औषध कच्च्या अंड्याला पिकू देत नाही आणि पिकलेल्या अंड्याला फुटू देत नाही. मग ते चांगलं की वाईट?

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "'औषध काय करतं' हा प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या पेशीला, कोणत्या वेळी, किती, किती वेळ, हे जोडल्याशिवाय उत्तर देऊ नये."

मी लिहून घेतलं. वाक्य कळलं. त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

वहिनी हल्ली रोज विचारते, "आज काय केलं गं अंड्यांनी?" आज सांगितल्यावर तिच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"म्हणजे घेतलं तर सुरू होत नाहीत, आणि नाही घेतलं तर फुटतात?"

"तसं नाही गं... म्हणजे, बशीत तसं आहे."

"मी तेहतीस वर्षांची आहे."

"तुझ्या वयाचा काय संबंध?"

"काही नाही." मग कात्री खाली ठेवून म्हणाली, "तू एकदा नीट सांग ना काय ते. घरात शिकलेली तूच आहेस. मी दुसऱ्या कुणाला विचारू?"

खरं तेच सांगितलं की मलाच अजून नीट कळलेलं नाही, पण मी आणखी वाचीन आणि सांगीन.

२८ जानेवारी, मंगळवार

वाचलं. सात लेख. एकात डुकरं, एकात उंदीर, एकात गायी. प्रत्येकात औषधाचं प्रमाण वेगळं. तिसऱ्या लेखापर्यंत जे समजलं होतं ते पाचव्याने काढून घेतलं. वहिनीला म्हटलं, अजून थोडं थांब. ती म्हणाली, "मी थांबलेच आहे की गं. चार वर्षं थांबले. आता सुरू झाले." मला वाटतं, गणवेशांच्या नव्या कामाबद्दल बोलत होती. बऱ्याच ऑर्डरी आल्यात.

३० जानेवारी, गुरुवार

शर्टाचं बटण तुटलं म्हणून वहिनीचा बटणांचा डबा उघडला. खाली तिच्या गोळ्यांची पाकिटं होती, एक पूर्ण भरलेलं आणि एक जवळजवळ भरलेलं. दादा एवढी काळजी घेतो तिची! बस चालवून दमून येतो, तरी दर महिन्याला आठवणीने गोळ्या आणतो, शिवाय हा जास्तीचा साठा. लग्न करावं तर अशा माणसाशी. हे त्याला सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

काकांचं आज थर्मासच्या झाकणाने बोट कापलं. म्हणाले, "वीस वर्षांत डुकरिणींनी काही केलं नाही, झाकणाने घात केला."

३ फेब्रुवारी, सोमवार

घरात काहीतरी गोड बातमी असावी!

वहिनी हल्ली हरवल्यासारखी असते. सकाळी नळाखाली पेला धरून उभी होती. पेला भरला, वाहायला लागला, तरी बघतच राहिली. मी हाक मारली तेव्हा दचकली आणि म्हणाली, "काय झालं?" काल हाताला एकदम झटका बसल्यासारखं झालं आणि चहा सांडला. मशिनीच्या दोन सुया तोडल्या या आठवड्यात. आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "पहिल्या महिन्यात असंच होतं. मी तुझ्या दादाच्या वेळी मीठ समजून साखर घालायचे सगळ्यात. तू काही विचारू नकोस तिला, नजर लागते."

मी विचारलं नाही. पण मनातून खूप आनंद झाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज न फुटलेल्या म्हाताऱ्या अंड्यांना रंग देऊन आत बघितलं. बाहेरून गोल, गुळगुळीत, अगदी ताजी वाटावीत अशी. आत काहींमधला धागा अस्ताव्यस्त झालेला. काही तर फलन न होताच, कुणी न सांगता पुढच्या टप्प्यात निघाली होती.

मी वहीत रकान्यावर 'चांगली' लिहिलं होतं. मॅडमनी बोट ठेवलं. "चांगली कशावरून?"

"फुटली नाहीत."

"मग 'न फुटलेली' लिही. जेवढं बघितलंस तेवढंच लिही. बाहेरून बघून कुणालाही चांगलं म्हणायचं नाही."

'चांगली'वर रेघ मारली. तारीख, सही. काका मागून म्हणाले, "माझ्या लग्नाच्या वेळी मॅडम कुठे होत्या?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

वहिनी पडली. मशिनीवरून. मोठी फिट होती. कपाळाला जखम आहे. दवाखान्यात आहोत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज थर्मास घेऊन गेले नाही. काकांनी फोनवर एवढंच म्हटलं, "तू तिकडे बघ. इकडे मी आहे."

सगळं लिहून काढते, नाहीतर डोक्यात मावणार नाही.

काल दुपारी मी घरी होते. मशीन चालू होती, मग मशीन नुसती फिरल्यासारखा आवाज आला, मग धप्प. वहिनीचं अंग ताठ झालं होतं आणि हातापायांना झटके येत होते. मला ठाऊक होतं कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. तेवढं केलं. आई दारात उभी होती. ती ओरडली नाही. उशी आणून वहिनीच्या डोक्याखाली सरकवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नियमित घेतात?" दादा म्हणाला, "हो." त्याला खात्री होती. मला तर त्याहून जास्त होती. मी पुढे होऊन सांगितलं, "चार वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. औषधाचं नाव, प्रमाण, सगळं मला माहीत आहे. मी त्याच औषधावर काम करते."

डॉक्टरांनी रक्ताचा नमुना घ्यायला सांगितलं. आज सकाळी रक्ताचा अहवाल आला. त्या म्हणाल्या, "रक्तात औषध सापडलेलं नाही."

"नमुना बदलला असेल," मी म्हणाले. "असं होतं. आमच्याकडे दोन बशांच्या खुणा एकदा अदलाबदल झाल्या होत्या. तुम्ही नावं परत तपासून बघा."

दादा म्हणाला, "हो, परत तपासा."

मी आणखी बोलणार होते. पलंगावरून आवाज आला. आवाज जड होता, जीभ चावली गेली होती.

"नमुना माझाच आहे."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तिने चौदा जानेवारीपासून गोळी बंद केली होती. बरोबर महिना होतो आज.

दादाला वाटलं, कुणी बाहेरच्याने डोक्यात भरवलं. "कुणी सांगितलं तुला? शेजारच्या बाईने?" वहिनीने माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. तिने मला वाचवलं हे मला अर्ध्या मिनिटाने कळलं.

मी म्हटलं, "मी सांगितलं."

"तू? गोळी बंद कर म्हणून?"

"नाही. मी सांगितलं की औषधाने अंडी थांबतात. आणि धुतलं की सुरू होतात."

दादाला काहीच कळलं नाही. "कुणाची अंडी?"

"डुकरांची."

तो खुर्चीवर बसला. रागावेल असं वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, "मी दर महिन्याला आणत होतो. एक महिना चुकलो नाही."

तेव्हा आई बोलली. "आणत होतास. पण तिला घेऊन एकदा तरी गेलास का डॉक्टरकडे? चार वर्षं तीच चिठ्ठी दाखवून तीच गोळी."

दादा आणि मी दोघेही आईकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "असे काय बघता? डोकेदुखीची गोळी एवढी वर्षं कोण घेतं? दुसऱ्याच वर्षी औषधाच्या दुकानात रिकामं पाकीट दाखवून विचारलं मी. तुम्ही सांगत नव्हता, म्हणून मीही बोलले नाही."

वहिनी रडायला लागली. आई तिला म्हणाली, "रडू नको, टाके ओढतील." आणि मग पदराने तिचे डोळे पुसत बसली.

एवढ्याशा घरात चार माणसं. तीच एक गोष्ट चौघांना माहीत होती; आम्ही तिघे आईपासून लपवत होतो आणि आई आमच्यापासून.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वहिनी घरी आली. गोळी पुन्हा सुरू. माझ्याशी बोलते, पण 'पाणी दे', 'दिवा लाव' एवढंच. आज काय केलं अंड्यांनी, हे विचारलं नाही.

ही वही मागून पुढे वाचली. सगळं लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात. तीन पेले पाणी. कॅलेंडरवरचा गोल. बटणांचा डबा. वाहणारा पेला. चहा. सुया. एकाही ओळीत खोटं नाही. जे बघितलं ते लिहिलं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वतःला हवं ते जोडलं. तजेला. काळजी. गोड बातमी.

पानं फाडावीशी वाटली. फाडली नाहीत. तीन फेब्रुवारीच्या 'गोड बातमी'वर एक रेघ मारली. तीस जानेवारीच्या 'जास्तीचा साठा'वर एक. मग दहा जानेवारी आली, आनंद झाला होता ती. तिच्यावर रेघ मारायची की नाही ते ठरेना. ती चूक होती का? आनंद तर खरंच झाला होता.

मॅडमना सांगितलं. वाटलं होतं, 'चल, सामान आवर' म्हणतील. त्या बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसल्या. मग म्हणाल्या, "तू विचारलं होतंस मला, पहिल्याच गुरुवारी. जे लोक रोज घेतात त्यांचं काय म्हणून. मी म्हटलं अंडी मोज." मला ठेवणार की नाही, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वहिनीला तपासणीला नेलं. दादा आणि मी सोबत. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून त्रास आहे?" दादाने तोंड उघडलं.

वहिनी म्हणाली, "मी सांगते."

तिने सांगितलं. सहाव्या वर्षापासूनचं. मग विचारलं, "डॉक्टर, मला मूल हवंय. या गोळीने होणारच नाही का?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलंच नाही."

डॉक्टर म्हणाल्या की मूल होणारच नाही, असं काही नाही. पण हे औषध पोटातल्या बाळाला धोक्याचं आहे. मूल हवं असणाऱ्या बाईला शक्यतो ते देत नाहीत. दुसरं आहे. ते हळूहळू वाढवायचं, हे हळूहळू कमी करायचं. काही महिने लागतील. तोवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. "आणि आपल्या मनाने एक दिवसही बंद नाही. एकदम बंद केल्यावर काय होतं ते बघितलंत. रस्ता ओलांडताना झालं असतं तर?"

म्हणजे वहिनीची शंका साफ खोटी नव्हती. तिला गोळी बदलायला हवीच होती. पण मी सांगितलेल्या कारणासाठी नाही, आणि तिने केली तशी नाही. चूक कुठून सुरू झाली, हे शोधायला गेलं की धागा हातात येतो आणि सुटतो.

डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्हीच ना, त्या औषधावर काम करणाऱ्या?"

मी म्हटलं, "डुकरांच्या अंडपेशींवर. बशीत." एवढंच म्हटलं.

बाहेर आल्यावर दादाने विचारलं, "बस बघू की रिक्षा?" वहिनी म्हणाली, "चालत जाऊ. तू बोल काहीतरी. तू कधी बोलतच नाहीस." दादा संपूर्ण रस्ता गिअरबॉक्सबद्दल बोलला. वहिनी ऐकत होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी थर्मास घेऊन काकांबरोबर गेले. खाटकाने विचारलं, "काय शास्त्रज्ञ, होतात कुठे?" काका म्हणाले, "घरी काम होतं तिला. मोज तू." पाण्यात बोट घालून बघितलं. कोमट होतं.

संध्याकाळी वहिनी मशिनीवर बसली होती. डॉक्टरांनी थोडा थोडा वेळ बसायला परवानगी दिली आहे, कुणी घरात असेल तर. मी समोर बसून गणवेशांची बटणं लावत होते. कपाळावरची पट्टी आता लहान झालीय.

मान वर न करता तिने विचारलं, "तुझी ती अंडी गं. तीनदा धुतलेली. सुरू झालेली."

"हं."

"त्यांचं पुढे काय झालं?"

माझी सुई थांबली. "माहीत नाही."

"म्हणजे?"

"सुरू झाली की नाही, एवढं बघतो. मोजतो. मग रंग देतो, त्यात ती मरतात. पुढचं बघितलेलं नाही."

मशीन थांबली. वहिनी माझ्याकडे बघत होती. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच नीट.

"म्हणजे तुला पण माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"मग तेवढंच सांगायचं होतंस ना," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला सगळं ठाऊक आहे आणि मलाच कळत नाहीये."

तिने पाय पुन्हा मशिनीवर ठेवला. मग हात पुढे करून म्हणाली, "बॉबिन संपलं. भरून दे. आणि घट्ट भर, मागच्या वेळी सैल भरलं होतंस."

मी भरायला घेतलं. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा बसलं.